तुटलेली गिऱ्हाइकं

समाज बदलणारे माहितीपट बनवणाऱ्यांना आधी एक फॉर्म भरावा लागतो. मदत देणाऱ्या प्रत्येक संस्थेचा फॉर्म वेगळा असला, तरी त्यात एक चौकट हमखास असते: ‘या चित्रपटामुळे किती व्यक्तींच्या वर्तनात बदल होणे अपेक्षित आहे?’ चौकटीत फक्त आकडा लिहिता येतो. ‘माहीत नाही’ असं लिहिलं, तर पुढचं पान उघडत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेलं असल्यामुळे आकड्यांविषयी मला आदर आहे, आणि म्हणून तो असा हवेतून काढताना सुरुवातीला माझा हात अडखळत असे. दोन-तीन चित्रपटांनंतर अडखळेनासा झाला.

माझ्या पहिल्या चित्रपटाचा विषय ओला आणि सुका कचरा हा होता. गिरगावातल्या एका चाळीत आम्ही तो दाखवला. रहिवाशांनी टाळ्या वाजवल्या, मला शाल आणि नारळ दिला, सर्वांना सामोसे वाटले. आणि समारंभ आटोपल्यावर उरलेल्या चटणीसकट सगळ्या थर्माकोलच्या डिशा एकाच डब्यात कोंबल्या. अहवालात मी ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

माझ्या व्यवसायाविषयी आईचं मत फार पूर्वीच ठरलेलं होतं. आम्ही दोघी परळला दोन खोल्यांत राहतो. तिचं माहेर मालवणकडचं, आणि राग आला की तिची भाषाही माहेरी जाते.

“तुझ्या पिक्चरमध्ये गाणी नाहीत, हिरो नाही, शेवटी कोणाचं लग्नसुद्धा होत नाही,” ती म्हणायची. “मग लोक बसतात कशाला?”

“विचार करायला.”

“तो घरी बसून होत नाही?”

माझा चौथा चित्रपट आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या मासळी बाजाराविषयी होता. पत्र्याच्या छपराखाली वीसेक कोळिणी बसतात. त्यांतल्या बहुतेकींच्या जागा सासूकडून किंवा आईकडून आलेल्या आहेत. बाजारात बर्फ आहे, दिवे आहेत, दर्शनी भागात एका लोकप्रतिनिधीचा हात जोडलेला फलक आहे. नळ मात्र नाही. सकाळी एक पिंप भरलं जातं, आणि फळ्या, कोयते, मासे, हात, सगळं दिवसभर त्याच पाण्यात धुतलं जातं. दुपारपर्यंत त्या पाण्याला जो रंग येतो, त्याला मराठीत शब्द नाही. बायकांनी नळासाठी अर्ज केले होते, पण उत्तर आलं नव्हतं. चित्रपटाचा हेतू त्यामुळे अगदी नेमका होता. एक नळ. मला वाटलं, एवढा मोजता येण्याजोगा सामाजिक बदल पुन्हा मिळणार नाही.

बाजारात शिरताना डाव्या हाताला पहिलीच जागा ज्या मावशींची, त्या आमच्या ओळखीच्या होत्या. आई माझ्या जन्माआधीपासून त्यांच्याकडून बोंबील घेत आलेली. त्या हो म्हणाल्या म्हणून बाकीच्या हो म्हणाल्या. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसासाठी मी सर्वांना बजावून ठेवलं होतं, की नेहमीसारख्याच या. त्या आल्या त्या हिंदमाताहून आणलेल्या कोऱ्या साड्यांत, गळ्यात, कानांत, हातांत सोनं घालून आणि केसांत फुलं माळून. माझा कॅमेरामन हळूच म्हणाला, “आपण लग्नाची ऑर्डर घेतली का?”

“मावशी, रोजच्या साडीत आला असतात तर बरं झालं असतं,” मी म्हटलं.

“पिक्चर कोण बगणार?”

“अधिकारी. सरकारची माणसं.”

“मग सरकारसमोर अशीच येऊन बसू? तुज्या लग्नात तू गाऊनमदे बसशील?”

“पण मग त्यांना गरज पटणार कशी?”

“पाणी नाय म्हणून मागतो, बाय. गरीब हाय म्हणून नाय मागत.”

संपूर्ण चित्रपट सोन्यात झाला.

त्यात एक प्रयोगही होता, आणि त्याचा मला अभिमान होता. दुपारी पिंपातल्या पाण्याने धुतलेल्या मावशींच्या फळीवर मी कापसाची निर्जंतुक काडी फिरवली. मग तीच फळी घरून आणलेल्या नळाच्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन पुन्हा एक काडी फिरवली. तिसरी काडी, निव्वळ खोडी म्हणून, मी माझ्या मोबाइलच्या काचेवर फिरवली. तिन्ही नमुने माटुंग्याच्या माझ्या जुन्या कॉलेजात नेले. तिथल्या बाईंनी जुन्या ममतेपोटी तीन पेट्री डिश आणि एक दिवसापुरता इन्क्युबेटर दिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या डिशमध्ये जंतूंची दाट वस्ती झालेली होती आणि दुसरीत तुरळक. सर्वांत समृद्ध वसाहत माझ्या मोबाइलची निघाली. तात्पर्य सरळ होतं: फळीत दोष नाही, मासळीत नाही, पाण्यात आहे, आणि ज्यांना किळस वाटते आहे त्यांनी आधी आपला खिसा तपासावा. चित्रपटात या तीन डिश एकामागून एक येत, आणि हे दृश्य पाहून माझ्या ओळखीतल्या सर्व रसिकांनी ‘वा’ म्हटलं होतं.

त्यानंतर मी ट्रेलर बनवला.

एका मोठ्या महोत्सवाच्या निवड समितीला तो पाठवायचा होता, आणि मला त्या महोत्सवात जायचं होतं. कारण एवढंच, त्याला कोणतीही सामाजिक बाजू नाही. प्रयोगशाळेत निष्कर्ष सांगावा लागतो; ट्रेलरमध्ये तो लपवावा लागतो. मी चाळीस सेकंदांत मावशींचा फळीवरून फिरणारा हात दाखवला, मग पहिली डिश, तिच्यात ठिपक्याठिपक्याने उमलत जाणारे जंतू, मग काळोख, आणि काळोखावर पांढऱ्या अक्षरांत एक प्रश्न: ‘तुमच्या ताटात काय आहे?’ प्रश्न माझाच होता. उरलेल्या दोन डिश मी उत्सुकता टिकावी म्हणून राखून ठेवल्या. तुलनेशिवाय निरीक्षण मांडायचं नाही, हे मला अकरावीत शिकवलं होतं, एम.एस्सी.नंतर सहा वर्षांनी मी ते पार्श्वसंगीताच्या साथीने विसरले.

समितीला पाठवून मी तो ऑनलाइनही टाकला, आणि आठवडाभरात तो परळपासून दादरपर्यंतच्या इमारतींच्या ग्रुपांवर पोचला. वाटेत कोणीतरी माझं नाव आणि चित्रपटाचं नाव कापलं, आणि वर ‘सावधान! आपल्या बाजाराचं सत्य’ अशी ओळ चिकटवली. एरवी एवढा प्रसार व्हावा म्हणून आम्ही परिसंवाद भरवतो. बाजारातली गर्दी ओसरली. मग नागरिकांच्या तक्रारी गेल्या, आणि त्या भागातल्या संबंधित कार्यालयाने इतकी वर्षं अर्जांबाबत न दाखवलेली तत्परता दाखवून छपराच्या खांबाला नोटीस चिकटवली: अस्वच्छतेच्या कारणास्तव बाजार बंद करून विक्रेत्यांना तात्पुरत्या स्वरूपात शिवडीला एका गोदामामागच्या मोकळ्या जागेत का हलवू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांनी होणाऱ्या सुनावणीत करावा.

या शहरात ‘तात्पुरत्या’ जागी हलवलेली माणसं म्हातारी होऊन त्याच जागी वारतात. आणि बोंबील घ्यायला गोदामामागे कोण जाणार? बाजार हलला असता तर तो संपलाच असता, हे सर्वांनाच समजत होतं.

मी बाजारात गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. एरवी या वेळेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आता बर्फ वितळत होता आणि कोळिणी एकमेकींशी बोलत बसल्या होत्या. मावशींच्या शेजारच्या जागेवरच्या तरुण कोळिणीने मला पाहताच आवाज चढवला.

“आली बघा! ताटात काय हाय इचारणारी!”

मी मावशींपुढे उभी राहून सगळं सांगितलं. मला माफी मागताना मुद्दे पाडून बोलायची सवय आहे. पूर्ण चित्रपट मी लगेच सर्वांसाठी खुला करते, तिन्ही डिशचं स्पष्टीकरण लिहिते, ग्रुपांवर पाठवते, असे तीन मुद्दे मी मांडले. मावशींनी ते ऐकून घेतले आणि एक मांदेली उलटी केली.

“तुजं ते टाक कुटं टाकायचं ते,” त्या म्हणाल्या. “माजी गिऱ्हाइकं आण.”

“म्हणजे?”

म्हणजे काय ते शेजारणीने समजावलं, आणि मनापासून समजावलं. या बाजाराचा एक जुना नियम आहे. एकीने दुसरीचं गिऱ्हाईक तोडलं, भांडून किंवा मासा शिळा असल्याचं कानात पुटपुटून, तर तोडणारीने त्या गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आणि त्याला हाताला धरून जिचं होतं तिच्या फळीपुढे आणून उभं करायचं. ‘चुकलं’ म्हणून भागत नाही. आणि निरोप पाठवूनही चालत नाही.

“पण मी या बाजारात विकायला बसत नाही,” मी म्हटलं.

“तोडायला बसलीस ना?” मावशी म्हणाल्या.

मी वही काढली. त्या सांगू लागल्या.

“पिवळ्या बिल्डिंगमदली, दुसऱ्या माळ्यावरची. तिला पापलेटाचं डोकं अख्खं लागतं.”

“नाव?”

“नाव कशाला? डोकं सांगितलं ना.”

मावशींच्या एकट्या फळीची यादी एकतीसवर थांबली. तीत एकही नाव नव्हतं. इमारत, माळा आणि मासा, एवढ्यावर माणूस ओळखायचा होता. ‘कोळंबी सोलून हवी आणि साली पण पायजेत.’ ‘नवऱ्याला पाठवते, आणि त्याला बांगडा आणि सुरमई एकच.’ ‘सुरमईचे काप जाड लागतात, सुनेसमोर पातळ सांगते.’ मी आयुष्यात भरपूर सर्वेक्षणं केली आहेत. एवढी अचूक माहिती मला कोणत्याही प्रश्नावलीतून मिळालेली नाही.

पहिल्या दिवशी मी टॅबलेट घेऊन निघाले, कारण दृश्य माध्यमावर माझा अजून विश्वास होता. पापलेटाच्या डोक्याच्या बाईंनी तिन्ही डिश शांतपणे पाहिल्या.

“अगंबाई! म्हणजे मोबाइलसुद्धा?” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन घरातले चारही मोबाइल पुसायला बसल्या. बाजाराचं नाव त्यांनी काढलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरी साधारण हेच झालं. मी फळीची बाजू मांडत होते आणि लोकांना फक्त आणखी एका वस्तूची किळस येत होती.

चौथ्या दारी मी पद्धत बदलली. टॅबलेट पिशवीत ठेवला आणि म्हटलं, “मावशींनी विचारलंय, सोललेल्या कोळंबीच्या साली ठेवायच्या की आता नकोत?”

दारातल्या बाई लाजल्या. “त्यांनी आठवण काढली?”

“रोज काढतात.”

“मला वाटलं, एवढ्या गर्दीत त्यांना आम्ही कुठे लक्षात असणार. थांबा, पिशवी आणते.”

प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर एकच घटक बदलला आणि निकाल बदलला. पहिल्या तिन्ही दारी पुन्हा गेले, आणि एकूण सोळा घरं अशी वळली. मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या एका टॉवरमधली बाई मात्र वळेना. सव्विसाव्या मजल्यावर तिने मला पाणी दिलं, गार पाणी दिलं, आणि म्हणाली, “आम्ही आता ॲपवरून मागवतो. साफ करून, पॅक होऊनच येतं.”

“कुठे साफ करतात, ते दिसतं का?”

“नाही.”

“मग?”

“म्हणून तर बरं वाटतं.”

मी पाणी संपवून खाली आले.

यादीतलं एकोणिसावं गिऱ्हाईक असं होतं: ‘मागच्या गल्लीतल्या चाळीतली, पयला माळा. बोंबील दाबून बगते, वास घेते, मग माज्याशी भांडते, मग घेते.’ मी गल्लीत शिरले, चाळीच्या जिन्यापर्यंत गेले, आणि पहिल्या माळ्यावर आमच्याच दारासमोर उभी राहिले.

आमच्या घरी दोन आठवडे मासे शिजले नव्हते. आईने मला संकल्प केल्याचं सांगितलं होतं. कसला संकल्प, हे विचारायला मला वेळ मिळाला नव्हता. मी समाज बदलत होते.

“तूसुद्धा?” मी दारातूनच म्हटलं.

आई भाकरी थापत होती. “चेडवा, पिक्चर तुझोच मां? बघलंय मी. मग माका कित्याक इचारतंस?”

“तुला त्या डिशची किळस आली?”

“किळस कसली? गिरणीच्या चाळीत वर्षं काढली मी. चाळीस बिऱ्हाडांत चार संडास.” तिने भाकरी तव्यावर टाकली. “पोरगी अख्ख्या मुंबईला सांगते, हे खाऊ नका, आणि आई पिशवी घेऊन तिथेच उभी? लोक काय म्हणतील तुला? म्हणून सोडलं.”

“मी ‘खाऊ नका’ असं म्हटलंच नव्हतं.”

“मग काय म्हटलंस?”

“नळ द्या म्हटलं.”

आईने तव्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. “त्यात नळ कुठे होता?”

मी ट्रेलर मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. चाळीस सेकंदांत नळ कुठेही नव्हता. फॉर्ममधल्या त्या चौकटीत प्रामाणिकपणे लिहिता येईल असा माझ्या कारकिर्दीतला पहिला आकडा मात्र मला सापडला होता: एक व्यक्ती, मासे सोडलेली, माझ्या प्रेमापोटी.

मी घरातल्याच पाटावर बसले आणि मला रडू आलं. आईने भाकरी उलटली.

“किती राहिलेत?”

“बारा. तुला धरून तेरा. सुनावणीला चार दिवस आहेत.”

“तुझ्या तोंडाकडे बघून कोण येणार? तू माणसाशी बोलतेस की पेपर वाचतेस, कळत नाही. जेव आधी. मग मी येते.”

आई आली. तिने प्रत्येक दारात माझी ओळख “ही ती, जिने घोळ घातला” अशी करून दिली, आणि या वाक्यावर दारं जितक्या चटकन उघडली तितकी माझ्या कोणत्याही युक्तिवादावर उघडली नव्हती. एकतीसपैकी एकोणतीस जणी सुनावणीला यायला तयार झाल्या. शेजारणींनीही आपापल्या याद्या काढल्या आणि आपापली गिऱ्हाइकं गाठली.

सुनावणीच्या सकाळी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर कोळिणी आल्या त्या चित्रीकरणाच्याच साड्यांत आणि सोन्यात. त्यांच्यामागे भिंतीला लागून गिऱ्हाइकं उभी होती, हातांत रिकाम्या पिशव्या घेऊन, कारण सर्वांचा तिथून थेट बाजारात जायचा बेत होता. अधिकारी तरुण, नम्र आणि घाईत होते. त्यांनी लॅपटॉपवर माझा ट्रेलर लावला.

“हे कोणी बनवलंय, कोणाला माहीत आहे?”

मी हात वर केला. “मी. पण हे अर्धं आहे. एका डिशवरून काहीच सिद्ध होत नाही.”

“दाखवलीत तर तुम्ही एकच.”

“हो.”

“का?”

“उत्सुकता वाढावी म्हणून.”

मागून कोणीतरी ‘आई गं’ म्हणालं. मावशींनी तोंडाला पदर लावला. हसू होतं की राग, ते मला दिसलं नाही. मी तिन्ही डिशचं दृश्य लावलं. तिसरी डिश आली तेव्हा टेबलावरचा मोबाइल अधिकाऱ्यांनी बोटाच्या टोकाने थोडा दूर सरकवला.

“तरीही फळ्या अस्वच्छ आहेत हे तुम्ही नाकारत नाही,” ते मावशींना म्हणाले.

“नाय नाकारत. तुमी पाण्याचं नाकारू नका.”

“म्हणूनच तर शिवडीची व्यवस्था...”

“तिथे नळ आहे?” आईने भिंतीजवळून विचारलं.

अधिकाऱ्यांनी फाइल चाळली. आणखी चाळली. “तिथे टँकर प्रस्तावित आहे.”

सगळ्या खोलीला एकदम हसू फुटलं. पापलेटाच्या डोक्याच्या बाई म्हणाल्या, “साहेब, टँकर पाठवायचाच आहे, तर इथेच पाठवा की. इथे आम्ही राहतो.” मग प्रत्येकीला काहीतरी आठवलं. अधिकारी लिहीत गेले. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं: नोटीस मागे घेण्यात येत आहे, जलजोडणीचा प्रस्ताव पुढे पाठवण्यात येत आहे, तोवर बाजारात दिवसातून दोनदा टँकर येईल.

“आन विक्रेते जागेवरच बसतील, हे कुटं हाय?” मावशींनी विचारलं.

“ते गृहीत आहे.”

“मग लिवा.”

त्यांनी लिहिलं. मावशींनी आईकडून ते दोनदा वाचून घेतलं. त्यात ‘तात्पुरतं’ हा शब्द कुठेही नसल्याची खात्री झाल्यावरच त्या उठल्या.

चित्रपट मी पुन्हा संकलित केला. आता तिन्ही डिश एकाच चौकटीत शेजारीशेजारी दिसतात. कोणी एक कापून नेऊ शकत नाही. मोठ्या महोत्सवाचं पत्र आलं: नवी आवृत्ती अधिक संतुलित आहे, परंतु आधीच्या ट्रेलरमधला ताण तीत जाणवत नाही, तरी शुभेच्छा. त्या पत्राने मला जितकं वाईट वाटायला हवं होतं, त्याहून जास्त वाटलं. त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही.

नळ पाच महिन्यांनी आला. त्याचं उद्घाटन झालं, फलकावरचे जोडलेले हात प्रत्यक्ष येऊन जोडले गेले. माझ्या हिशेबाने विषय संपला होता. मावशींच्या हिशेबाने यादीतल्या दोघी बाकी होत्या. एक मुलाकडे पुण्याला गेली होती. तिचं त्यांनी मला माफ केलं. सव्विसाव्या मजल्यावरचीचं केलं नाही. मी चार वेळा गेले, चार वेळा गार पाणी प्यायले, आणि पाचव्या वेळी, एका रविवारी, ती नुसती बघायला म्हणून माझ्यासोबत आली.

फळीपुढे ती रुमाल नाकाला लावून उभी राहिली. नळ वाहत होता. तिने सुरमईकडे बोट केलं.

“हे ताजं आहे का?”

मी डोळे मिटले.

“नाय,” मावशी म्हणाल्या. “तुज्यासाटी गेल्या वर्षापासून ठेवलंय.”

बाईने रुमाल खाली केला. मला वाटलं, आता ही थेट आपल्या टॉवरच्या लिफ्टमध्येच जाऊन थांबेल. पण ती फळीवर वाकली.

“गिल दाखवा.”

मावशींनी कल्ला उचलून दाखवला. बाईने पाहिलं, मग शेजारचा मासाही उचलायला लावला, मग म्हणाली की काप जाड हवेत, फार जाड नकोत, आणि डोकं वेगळं द्या. दोघींची घासाघीस सुरू झाली. मी खांबाजवळ उभी राहून ती ऐकत होते. कॅमेरा मी आणला नव्हता.

“ए बाय,” मावशींनी वर न बघता मला हाक मारली. “बाजूला हो. मागचं गिऱ्हाईक दिसत नाय.”